शेवटच्या दहा ओळी

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचं, आणि तरीही त्यात काय लिहिलं होतं ते डोक्यात शिरू द्यायचं नाही, याचा मला पगार मिळतो. अशा माणसाला कोणी सांगितलं, की बाबा रे, सगळं वाचायची गरजच नाही, नुसता शेवट बघितला तरी भागतं, तर त्याचं काय होईल? माझं जे झालं ते सांगतो. सोय म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आमच्या गॅलरीतल्या सगळ्यात मोठ्या कुंडीत एका बदकिणीने अंडी घातली. दुसऱ्या मजल्यावर येऊन, बाकी कोणाचीही कुंडी न निवडता, आमचीच. बायकोला हा गुणवत्तेचा निकाल वाटला. तिने कुंडीतली शेवंती उपटून बाजूला लावली, पाण्याचा तसराळा ठेवला आणि मला गॅलरीत खाकरायची बंदी केली. मग एके दिवशी बदकीण चरायला म्हणून गेली ती परत आली नाही. बायकोने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि आत येऊन एवढंच म्हणाली, "अहो, तिने माझ्या भरवशावर ठेवलीत."

पाच अंडी होती. आमची दोन्ही मुलं आपापल्या संसाराला लागून बरीच वर्षं झाली आहेत, आणि या घरात बायकोच्या भरवशावर असं सध्या फक्त माझं जेवण आहे. त्यामुळे या वाक्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

योगायोगाने माझा मेव्हणा तेव्हा सुट्टीवर होता. तो जहाजावर इंजिनिअर आहे. जमिनीवर आला की त्याचे हात शिवशिवतात. त्याने थर्माकोलचं एक खोकं घेतलं, आत बल्ब लावला, तापमान मोजणारी एक तार सोडली आणि बाहेर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर बसवला. आत गार झालं की बल्ब लागायचा, गरम झालं की विझायचा. माळ्यावरचा जुना मॉनिटर आणि कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर आले. तेव्हापासून आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो.

"भावोजी, झाकण उघडायचं नाही," निघताना तो म्हणाला. "आतलं तापमान बदललं की हा एका फाइलमध्ये नवी ओळ लिहितो. तुम्ही ओळ वाचायची. साडेसदतीसच्या आसपास असलं की झालं."

"आणि जास्त-कमी झालं तर?"

"तर ताईला सांगा."

तो बोटीवर गेला. त्याचा फोन बोट बंदराला लागली तरच लागतो. मी फाइल उघडली. सगळी. मुद्रितशोधक दुसरं काय करणार? पहिल्या ओळीपासून वाचावं म्हणून बसलो. पण ती तार भलतीच हळवी होती. शेजारून कोणी शिंकलं तरी ती दशांशचिन्हापुढे चार आकडे देऊन एक ओळ लिहायची, आणि एव्हाना तिने माझ्या आयुष्यभरात छापून झालेल्या कादंबऱ्यांपेक्षा जास्त ओळी लिहिल्या होत्या. स्क्रीन पांढरी पडली आणि तशीच राहिली.

समोरच्या घरात भूलतज्ज्ञ राहतात. त्यांना बोलावलं. डॉक्टरांचा सगळा जन्म झोपलेल्या माणसांशेजारी बसून आकडे बघण्यात गेला आहे, त्यामुळे ते मुळात शांत आहेत आणि बोलताना आवाज खाली ठेवतात. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून फाइल दाखवायची एक कमांड त्यांना आठवत होती. तिचं नाव कॅट.

"अंड्यांजवळ मांजर नको," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्यांनी कॅट सोडलंच. आकडे धो धो धावू लागले. आम्ही दोघं बघत राहिलो. चहा आला, पिऊन झाला, कप विसळले गेले, आकडे आपले धावतच होते. डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा पेशंट शुद्धीवर यायला वेळ घेणार."

शेवटी मेव्हण्याला सगळी हकीकत लिहून पाठवली. बोट कुठल्याशा बंदराला लागल्यावर त्याचा फोन आला.

"भावोजी, अख्खी फाइल कशाला उघडलीत? तिचं शेपूट बघायचं. टेल. टेल लिहा, पुढे फाइलचं नाव लिहा, एंटर मारा."

मी मारलं. पडद्यावर फक्त दहा ओळी आल्या. शेवटच्या दहा. आत्ता, या क्षणी, खोक्यात काय आहे ते दहा ओळींत. बाकी सगळा इतिहास जिथे होता तिथे गप्प.

"आता टेलपुढे एक आडवी रेघ द्या आणि एफ लिहा. मग ते शेपूट धरून बसेल. फाइलमध्ये नवी ओळ आली की आपोआप खाली दिसेल."

तसं केल्यावर नवी ओळ येऊन दहाव्या ओळीखाली अलगद बसली. मग तिच्याखाली आणखी एक. मी खुर्ची ओढून बसलो. खरं सांगतो, इतकं समाधान मला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांच्या प्रस्तावना वाचल्या होत्या.

इथून माझी अधोगती सुरू झाली असं बायको म्हणते. मला ती प्रगती वाटत होती. मी वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा शेवटचा परिच्छेद वाचू लागलो. लेखकाचं काय म्हणणं आहे ते तिथे असतंच, नसलं तर वरही नसतं. सोसायटीच्या नोटिशीची शेवटची ओळ वाचायची: सहकार्याबद्दल आभार. म्हणजे सहकार्य आपण केलेलंच आहे. बायको तिच्या बहिणीशी फोनवर बोलून आली की मी म्हणायचो, "शेवटी काय ठरलं तेवढं सांग." यावर तिने दोन दिवस काहीच सांगितलं नाही, आणि तेही मला सोयीचं वाटलं.

मेव्हण्याने नंतर एक लांबलचक मेसेज पाठवला. मी सवयीप्रमाणे त्याचं शेपूट बघितलं. "बाकी काळजी करू नका. ताईला नमस्कार." मी काळजी केली नाही आणि ताईला नमस्कार सांगितला. माझ्याकडून काहीही राहिलं नव्हतं.

दरम्यान सेक्रेटरींना सुगावा लागला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आहेत. कुठल्याही गोष्टीकडे ते ती थोडी कमी भरणार अशा नजरेने बघतात. "इमारतीत पशुपक्षी पाळायला पूर्वपरवानगी लागते," ते दारातूनच म्हणाले. "पशुखात्याचा दाखला आणा. नाहीतर मला लेखी नोटीस काढावी लागेल, आणि ती पेटी येत्या रविवारी इमारतीबाहेर जाईल."

मी पशुखात्यात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "प्राणी कुठला?"

"बदक. पण अजून अंड्यात आहे."

"अंडी इथे नाहीत. अंडी अन्न विभागात."

"खायची नाहीयेत."

"खायची नसतील तर मग प्राणी. दाखवा."

"आत आहे."

"बाहेर आला की या."

"पण सेक्रेटरी म्हणतात, परवानगी आधी हवी."

"आधी म्हणजे कशाच्या आधी?"

या प्रश्नावर आम्ही दोघांनी प्रामाणिकपणे विचार केला. मागच्या माणसाच्या पिशवीतली कोंबडीही गप्प झाली. शेवटी कारकुनाने खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली.

घरी आलो तर बायको स्क्रीनसमोर चिंतेत. आकडे वरखाली होत होते. सदतीस पूर्णांक तीन, सदतीस पूर्णांक सात, पुन्हा चार. डॉक्टर म्हणाले, "चढउतार बरे नाहीत. आकडा कसा, झोपल्यासारखा पाहिजे." खालच्या मजल्यावरच्या लोकरकाकू हे ऐकत होत्या. लोकरकाकूंच्या हातात सुया नसताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. या इमारतीत टेलिफोन, गॅसची टाकी आणि डॉक्टरांची गाडी, सगळ्यांना त्यांच्या हातचा काही ना काही कपडा आहे.

"खोक्याला पांघरूण नाही, मग बिचारं वरखाली होणार नाही तर काय," त्या म्हणाल्या, आणि शनिवारी संध्याकाळी हिरव्यापिवळ्या पट्ट्यांचं एक जाडजूड पांघरूण घेऊन आल्या. ते खोक्याला चहूबाजूंनी फिट बसलं. टाका कुठे सुटलेला नव्हता.

आणि चमत्कार झाला. स्क्रीनवरची शेवटची ओळ सदतीस पूर्णांक पाच झाली आणि तिथेच थांबली. जेवणं झाली तरी नवी ओळ नाही. सकाळी उठून बघतो तर तीच ओळ. तापमान बदललं तरच ओळ येते, ओळ आली नाही, अर्थात तापमान बदललं नाही. तर्कात कुठे फट नव्हती. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात पाठीमागे बांधून बराच वेळ तो आकडा पाहिला आणि म्हणाले, "इतका स्थिर पेशंट मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही." लोकरकाकूंनी सुया चालू ठेवल्या, पण मान जरा ताठ केली.

रविवार होता. ठरल्याप्रमाणे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. मी त्यांना वाद न घालता स्क्रीनसमोर बसवलं. मोजमापाच्या माणसाला मोजमापानेच जिंकावं.

"याला अचूकता म्हणतात, सेक्रेटरीसाहेब. चार दशांश स्थळांपर्यंत हलत नाही."

"हलत नाही?" ते म्हणाले. "चार स्थळांपर्यंत? आमच्या खात्यात न हलणारा काटा दिसला की आम्ही दुकान सील करायचो."

"अहो, हे दुकान नाही. हे शास्त्र आहे."

तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने पांघरुणाखाली हात घातला. "अहो, गार लागतंय."

"बाहेरून तसं वाटणारच. लोकर आहे. आकडा बघ."

"ताई, आकडा अगदी उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

"आकड्याने अंडी नाही घातलेली," बायको म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत झाकण उघडलं. आत अंधार होता. चहूबाजूंनी कोंडलेल्या बल्बने कधीतरी पहाटे मान टाकली होती. डॉक्टरांनी खिशातून थर्मामीटर काढून आत धरला आणि बघून पुन्हा झटकला. मग पुन्हा धरला. स्क्रीनवर सदतीस पूर्णांक पाच ठाम उभं होतं.

"थर्मामीटर बिघडला असेल," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो हे नाकारण्यात अर्थ नाही, चार साक्षीदार आहेत.

बायकोने माझा फोन घेतला, भावाचा मेसेज काढला आणि वरपासून मोठ्याने वाचायला लागली. वरपासून. 'भावोजी, फाइल फार मोठी होते म्हणालात म्हणून इथूनच एक व्यवस्था केली आहे. मर्यादेपलीकडे गेली की जुनी फाइल वेगळं नाव देऊन बाजूला ठेवली जाईल आणि त्याच नावाची नवी, कोरी फाइल सुरू होईल. पण एक लक्षात ठेवा. तुमचं टेल जुन्या फाइलचंच शेपूट धरून बसेल. ती बाजूला गेली हे त्याला कळत नाही. त्यामुळे आकडे थांबलेले दिसले की ते बंद करून पुन्हा चालू करा. हे फार महत्त्वाचं आहे.' मग तिने माझ्याकडे न बघता शेवट वाचला. "बाकी काळजी करू नका. ताईला नमस्कार."

म्हणजे शनिवारच्या संध्याकाळपासून मी आणि एक भूलतज्ज्ञ, घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या दारावरची पाटी वाचून तो आत सुखरूप आहे असं ठरवत होतो. मी टेल बंद करून पुन्हा लावलं. नव्या फाइलचं शेपूट आलं. एकोणतीस पूर्णांक आठ. एकोणतीस पूर्णांक सात. ओळी येतच होत्या.

बायकोच्या चेहऱ्याकडे मी बघू शकलो नाही. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने नुसतं एक अंडं उचललं आणि दोन्ही हातांत धरलं.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले, आणि प्रथमच त्यांचा आवाज चढला. "पक्षीण पण पोटापाण्याला उठतेच की. पण आता ऊब द्यायला हवी. काखेत धरा. काखेत सदतीसच्या जवळपास असतंच, मी रोज मोजतो."

पाच अंडी, पाच माणसं. बायको, मी, डॉक्टर, लोकरकाकू. पाचवं अंडं मी सेक्रेटरींपुढे धरलं.

"मी नोटीस द्यायला आलोय," ते म्हणाले.

"द्या," बायको म्हणाली आणि नोटीस घेतली. "आता हात मोकळा झाला."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

मी नवा बल्ब आणायला निघालो. काखेत अंडं ठेवून चालताना एक हात शरीराला चिकटवून ठेवावा लागतो, आणि ओळखीची जेवढी माणसं आहेत ती नेमकी त्याच वेळी भेटून 'हाताला काय झालं' असं विचारतात. दुकानदाराने एलईडी पुढे ठेवला. "हा घ्या. जन्मभर टिकतो आणि अजिबात तापत नाही."

"मला तापणारा हवाय."

"तापणारा? जुना, तारेचा? साहेब, ते आता कोण ठेवतं? फुकट वीज खातात." पुढच्या दुकानात हेच झालं. तिसऱ्याने मला बसायला स्टूल दिलं आणि घरी कोणाला फोन करू का म्हणून विचारलं.

हात हलवत परत आलो, म्हणजे एकच हात. जिना चढताना डोक्यावर काहीतरी ऊन लागलं. वर बघितलं. आमच्या जिन्यात तारेचा एक पिवळा, जुनाट बल्ब रात्रंदिवस जळतो. गेली कित्येक वर्षं प्रत्येक सर्वसाधारण सभेत मी उभा राहून त्याविरुद्ध बोललो आहे. हा बल्ब वीज खातो, भट्टीसारखा तापतो, सुसंस्कृत समाजाला शोभत नाही, हे सगळं इतिवृत्तात माझ्या नावाने नोंदवलेलं आहे. आणि दरवेळी सेक्रेटरींनी उत्तर दिलं आहे, की चालू वस्तू बदलणं नियमात बसत नाही.

मी वर गेलो आणि सेक्रेटरींना म्हणालो, "जिन्यातला बल्ब हवा होता."

ते खुर्चीत ताठ बसले होते, डोळे अर्धवट मिटलेले. "तुमची त्या बल्बबद्दलची मतं मला माहीत आहेत," ते म्हणाले.

"मी ती मागे घेतो."

"लेखी?"

"लेखी."

"न्या. पण हळू बोला," ते म्हणाले आणि स्वतःच्या काखेकडे बघितलं. "आत्ता काहीतरी हललं."

बल्ब लागला. पांघरूण काढून ते टेलिव्हिजनला घातलं. ओळी एकेक करून वर चढू लागल्या, तीस, बत्तीस, पस्तीस, आणि अंडी परत आत गेली. सेक्रेटरींनी आपलं सगळ्यात शेवटी ठेवलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ 'पाहणीसाठी' येऊ लागले. नोटिशीचा विषय निघाला नाही. बायकोने नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब लिहिला.

एका दुपारी स्क्रीनवरचे आकडे एकाएकी उड्या मारू लागले. मी आणि डॉक्टर त्यावर चर्चा करत होतो. तार सैल झाली असावी असं माझं मत, डॉक्टरांना पेशंट शुद्धीवर येतोय असं वाटत होतं. मागून बायको म्हणाली, "इकडे बघा." आम्ही म्हणालो, एक मिनिट. आम्ही वळलो तोवर पहिलं पिल्लू जवळजवळ बाहेर आलं होतं. आधी चोच आली होती म्हणे, मग डोकं, मग पंखांच्या जागी काहीतरी ओलं. मला दिसलं ते शेवटचं. शेपूट.

पाचातली चार निघाली. पाचवं बायकोने त्याच मोठ्या कुंडीत मातीखाली ठेवलं आणि शेवंती परत तिथे लावली. चौघांनी डोळे उघडले तेव्हा खोक्यावर वाकून बघत होते ते सेक्रेटरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन. बदकाचं पिल्लू पहिल्यांदा जे हलताना बघतं त्याला आई मानतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. बल्ब मी आणला होता, हात मी अवघडून घेतला होता, तिसऱ्या दुकानदाराने अजूनही माझ्याशी बोलताना तो हळुवार स्वर सोडलेला नाही. पण मी स्क्रीनकडे बघत होतो.

पशुखात्यातल्या कारकुनाने या वेळी काही अडवलं नाही. मी आणि सेक्रेटरींनी नेलेली पिल्लं बघितली, मालकाचं नाव विचारलं. मी माझं सांगायला तोंड उघडलं. पण पिल्लं आधीच ओळीने निघून सेक्रेटरींच्या बुटाशी जाऊन बसली होती. कारकुनाने त्यांचं नाव लिहिलं. वस्तुस्थिती तीच होती, आणि वजनमापे खात्याच्या माणसाला चुकीच्या नोंदीवर सही करणं जमलं नसतं.

सेक्रेटरी आता रोज सकाळी त्यांना आवारातल्या नळाखालच्या हौदाकडे नेतात. पुढे ते, मागे एका रांगेत चौघं. मी गॅलरीत चहा घेऊन उभा असतो. जिन्यात सध्या एलईडी आहे, फार छान उजेड पडतो, आणि मला अधूनमधून त्या जुन्या बल्बची आठवण येते. मेव्हण्याचे मेसेज हल्ली बायको वाचते.

रांगेतलं शेवटचं पिल्लू जरा रमतगमत चालणारं आहे. वळणावर ते हटकून मागे राहतं, कुंपणाशी काहीतरी बघत बसतं. सेक्रेटरी मागे वळून बघत नाहीत, तसं बघणं त्यांच्या पदाला शोभत नाही. पण ते थांबतात, आणि बुटाची नाडी सुटली आहे असं दाखवतात.

"काय बघताय इतकं?" आतून बायको विचारते.

"शेवटचं."

"आलं का?"

मी थोडा थांबतो. खाली नाडी बांधून होते.

"आलं," मी म्हणतो.